दहा बाय दहाचा स्टुडिओ

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास बहुतेक पुस्तकांत इमारतींच्या नावांनी सांगितलेला असतो. पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये रेल्वेचे मुद्रित आवाज जोडून आपल्या पहिल्या रचना केल्या. कलोनच्या रेडिओचा स्टुडिओ १९५१ मध्ये स्थापन झाला, मिलानचा १९५५ मध्ये, आणि बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८ मध्ये. आपल्याकडे अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये. इमारतींचाच इतिहास होण्याचं कारण साधं आहे. टेपरेकॉर्डर कपाटाएवढे होते, आवाज निर्माण करणारी उपकरणं प्रयोगशाळेतून मागून आणावी लागत, आणि हे सगळं विकत घेण्याची ऐपत सरकारी रेडिओची किंवा एखाद्या मोठ्या संस्थेची असे. संगीतकार तिथे पाहुणा असायचा. ठरलेल्या वेळी यायचं, काम करायचं, टेप तिथेच ठेवून घरी जायचं.

मी गेली वीसेक वर्षं बडोद्यातल्या आमच्या घरात, दहा बाय दहाच्या एका खोलीत, हेच काम करते. त्यामुळे हा इतिहास मी थोडा उलट्या बाजूने वाचते. इमारतीतून बाहेर कोण पडलं, घरी काय घेऊन आलं, आणि त्यांच्या मागे त्या टेपांचं काय झालं, हे प्रश्न मला अधिक जवळचे वाटतात. त्यातला शेवटचा तर गेल्या काही वर्षांत फारच.

बाहेर पडलेल्यांमध्ये पहिलं नाव घ्यावं लागेल डॅफ्नी ओरम यांचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या बीबीसीत लागल्या तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. काम होतं 'म्युझिक बॅलन्सर'चं. मैफल थेट प्रक्षेपित होत असताना कोणत्या मायक्रोफोनचा आवाज किती चढवायचा, किती उतरवायचा, हे ठरवायचं. आज आपण ज्याला मिक्सिंग म्हणतो, त्याचंच हे जुनं नाव. रात्री स्टुडिओ रिकामे झाल्यावर त्या टेपरेकॉर्डर एकत्र जमवून प्रयोग करत. रेडिओफोनिक वर्कशॉप उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण ते सुरू झाल्यावर वर्षभराच्या आत, १९५९ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. बीबीसीला नाटकांसाठी चमत्कारिक आवाज हवे होते. ओरमना संगीत करायचं होतं.

त्या केंट परगण्यात राहायला गेल्या. बिअरसाठी लागणारे हॉप्स वाळवायची एक जुनी इमारत तिथे घरात रूपांतरित केलेली होती, तिचं नाव टॉवर फॉली. तिथे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ मांडला. जाहिराती आणि चित्रपटांची कामं करून त्यावर घर चालवायचं आणि उरलेला वेळ एका यंत्राला द्यायचा, असा त्यांचा क्रम. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या पट्ट्यांवर हाताने आकार काढायचे, त्या पट्ट्या प्रकाशापुढून सरकवायच्या, आणि त्या सावल्यांपासून आवाज तयार व्हायचा. कुठला स्वर, किती जोरात, कसा थरथरता, हे सगळं रेषेने ठरे. यंत्राला त्यांनी आपल्याच नावावरून 'ओरॅमिक्स' म्हटलं. घरातल्या खोलीत बसून, कोणाची परवानगी न घेता, स्वतःच रचायचं, स्वतःच वाजवायचं आणि स्वतःच मिसळायचं, या कामाची सुरुवात मी तरी या घरापासून धरते.

ओरम २००३ मध्ये वारल्या. त्यांच्या टेपा, पत्रं आणि टिपणं आज लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये आहेत, यंत्र तिथल्या सायन्स म्युझियमकडे. त्या विशीत असताना लिहिलेली 'स्टिल पॉइंट' ही ऑर्केस्ट्रा आणि तबकड्यांसाठीची रचना त्या काळात कोणी वाजवली नाही. २०१८ मध्ये ती बीबीसीच्याच प्रॉम्स महोत्सवात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजली. सुमारे सत्तर वर्षांनी. हे होऊ शकलं, कारण कागद शिल्लक होते. त्याच वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशर २००१ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्या माळ्यावर सिरियलच्या खोक्यांत भरलेल्या २६७ टेपा सापडल्या. नोकरी संस्थेची, पण टेपा घरच्या माळ्यावर! कोणीतरी ती खोकी उघडून पाहिली आणि रद्दीत दिली नाहीत, एवढ्यावरच पुढचं सारं अवलंबून होतं. त्या टेपा आता मँचेस्टरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

आपल्याकडची अहमदाबादची गोष्ट याहून विलक्षण आहे. गीता साराभाई पखवाज शिकल्या, ज्या काळात बाईने पखवाज घेऊन बसणं हीच बातमी होती. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे जॉन केज यांच्याशी त्यांनी विद्येची अदलाबदल केली. त्यांनी केजना भारतीय संगीत शिकवायचं, केजनी त्यांना पाश्चात्त्य. ही ओळख पुढे उपयोगी पडली. १९६९ मध्ये केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर अहमदाबादला आले आणि एनआयडीत त्यांनी मूग कंपनीचा सिंथेसायझर आणि टेपरेकॉर्डर मांडून दिले. पुढची तीनेक वर्षं गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे काम केलं. मग ते थांबलं, आणि विस्मरणात गेलं. इतकं, की १९९०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक संगीत करू पाहणाऱ्या आमच्या पिढीला आपण पाटी कोरी असलेल्या देशात आहोत असं वाटत होतं. बडोद्याहून अहमदाबाद गाडीने दोन तासांवर!

२०१७ मध्ये लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांना त्या टेपा एनआयडीच्या संग्रहातच मिळाल्या. २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा अल्बम निघाला. ऐकताना जाणवतं की यातल्या कित्येक रचना म्हणजे यंत्राशी पहिली ओळख आहे. स्वर वर जातो, खाली येतो, मध्येच अडतो. पण काही ठिकाणी वाजवणाऱ्याचा कान तानपुऱ्यावर घडला आहे हे स्पष्ट कळतं. सा सोडायला तो तयार नाही. संस्थेने त्या टेपा जवळजवळ पन्नास वर्षं ऐकल्या नाहीत, पण फेकल्याही नाहीत. संस्थांविषयी माझ्या मनात फारशी माया नसली, तरी हे त्यांचं श्रेय मी मान्य करते. कपाटात विसरलेली वस्तू निदान कपाटात असते.

चरणजित सिंग यांचं उदाहरण आता सगळीकडे सांगितलं जातं, म्हणून थोडक्यात. हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारा हा मुंबईचा वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं छोटं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. घरी त्यांवर राग वाजवून पाहिले. १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. भैरव, ललत, तोडी, मालकंस वगैरे दहा राग. ती फारशी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जगाला वाटलं की शिकागोच्या 'ॲसिड हाउस'चा शोध मुंबईत आधीच लागला होता. या वादात मला रस नाही, कारण शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली असल्याचा काहीच पुरावा नाही. मला लक्षात राहतं ते एवढंच, की जी तबकडी कंपनीने छापली ती मिळाली. आधी घरी जे वाजवून पाहिलं असेल, त्याचा मागमूसही नाही.

शिकागोत मात्र हीच यंत्रं खरोखर घरात शिरली, आणि ती अपयशी ठरली म्हणूनच. टीबी-३०३ एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. तो आवाज कुठल्याही बेस गिटारसारखा वाटत नसे. १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं आणि ती यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात येऊन पडली. फ्यूचर या नावाने काम करणाऱ्या तीन तरुणांनी तसंच एक घेतलं आणि त्याच्या कळी वाजता वाजता फिरवत राहिले. त्यांची टेप रॉन हार्डी या डीजेने म्युझिक बॉक्स या क्लबात वाजवली. लोक आधी नाचायचे थांबले. त्याने एकाच रात्री ती पुन्हा पुन्हा वाजवली, तेव्हा रंगली. १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' नावाने तिची रेकॉर्ड निघेपर्यंत तिच्या कॅसेटच्या प्रती गावभर फिरत होत्या, आणि लोक ती 'रॉन हार्डीची' म्हणून ओळखत होते. बनवणाऱ्यांचं नाव कॅसेटबरोबर फिरलंच नव्हतं. घरच्या स्टुडिओचा हा रोग तेव्हापासूनचा आहे.

पुढचा काळ मी भरभर ओलांडते. १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारं टास्कमचं पोर्टास्टुडिओ आलं. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी आणलं, म्हणजे यंत्रंच संगणकाच्या आत गेली. त्या दशकाच्या शेवटी बेल्जियमहून फ्रूटीलूप्स आलं, आजचं एफएल स्टुडिओ. त्यातली सोळा खणांची पट्टी थेट टीआर-८०८च्या सोळा बटणांवरून आलेली आहे. ती पाहून आपल्याला तीनताल आठवतो, पण तो भास आहे. ते सोळा खण म्हणजे चार मात्रांचे चार-चार तुकडे. गोव्याच्या नावाने जगभर गाजलेलं ट्रान्स संगीतही याच काळातलं, पण त्यातलं बहुतेक गोव्यात बनलेलं नव्हतं. युरोप आणि इस्रायलमधल्या घरगुती स्टुडिओंत ते तयार व्हायचं आणि डॅट टेपांवर हणजुण्याला पोचायचं. उन्हात रेकॉर्डी वाकतात, टेप टिकते. आणि एक गंमत सांगायची राहिली. भारतातल्या हजारो घरांत शिरलेलं पहिलं इलेक्ट्रॉनिक वाद्य म्हणजे बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि त्याची भावंडं. माझ्या आईकडे एक होता. त्याला सिंथेसायझर म्हटलेलं तिला आवडलं नसतं.

यंत्रं घरी आली, पण घर हे स्टुडिओ नसतं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत खोलीबद्दल कोणी लिहीत नाही.

दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर खोलीएवढी भरते, ती लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते आणि खोलीच वाजू लागते. दहा फुटांना हा आकडा ५६ हर्ट्झच्या जवळ येतो. टीआर-८०८ची किक पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमते. म्हणजे या संगीताचा प्राण ज्या स्वरपट्टीत असतो, नेमकी तीच पट्टी आपल्या चाळींतल्या, सोसायट्यांतल्या खोल्या बिघडवून टाकतात. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा असेल तर विचारूच नका. तिन्ही दिशांचा दोष एकाच जागी येऊन बसतो. भिंतीला टेकून ऐकलं की किक छातीवर आदळते, आणि खुर्ची खोलीच्या मध्याकडे सरकवली की तीच किक कुठे गेली ते शोधावं लागतं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. त्याने टाळी वाजवल्यावर येणारा खणखणाट थोडा कमी होतो. सहा मीटर लांबीच्या लहरीला अंड्याचा ट्रे दिसतसुद्धा नाही. कोपऱ्यात उभी केलेली जाड गादी त्याहून बरी. पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाटही वाईट नाही. मराठी घरातले दिवाळी अंक मी असेच कामाला लावले आहेत.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. मिक्सिंग रात्री करायचं, म्हणजे हळू आवाजात करायचं. पण फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज जितका हळू, तितका माणसाचा कान खर्जाला बहिरा. म्हणून रात्री बेस वाढवला जातो आणि सकाळी तोच मिक्स चिखलासारखा ऐकू येतो. उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलेच: ओळखीची गाणी शेजारी लावून तुलना करणं, हेडफोन, मित्राची गाडी, मोबाइलचा स्पीकर. बीबीसीच्या बॅलन्सरला खोली एकदाच बांधून मिळत होती. आम्ही प्रत्येक गाण्यात आपली खोली वजा करत बसतो.

आणि ती पूर्ण वजा होत नाही. खोली ५६ हर्ट्झला घुमते म्हणून मी तिथला आवाज कापते, तर बाहेर गेल्यावर गाणं नेमकं तिथेच पोकळ निघतं. घरी मिसळलेल्या गाण्यात ते मिसळणाऱ्याच्या खोलीचा ठसा असा उलटा उमटलेला असतो, साच्यात ओतलेल्या वस्तूवर साच्याचा असावा तसा. सराव झाला की अनोळखी गाणं ऐकूनही खोली लहान होती की मोठी याचा अंदाज येतो. इतिहासाचं साधन म्हणून याकडे अजून कोणी पाहिलेलं नाही, पण पुष्कळदा एवढंच साधन हाती उरतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राच्या बहिणीने त्याची हार्ड डिस्क मला आणून दिली. तो अचानक गेला होता. दहा-बारा वर्षं त्याने पुण्यातल्या एका खोलीत काम केलं, मोजकी गाणी इंटरनेटवर टाकली, बाकीची 'अजून थोडं काम आहे' म्हणून ठेवली. बहिणीची मागणी साधी होती. त्याची गाणी ऐकता येतील अशी करून दे. फोल्डरांची नावं ओळखीची होती: 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच'. प्रोजेक्ट फाइल्स मात्र निम्म्याहून कमी उघडल्या. जुने ३२-बिट प्लगइन नवे संगणक चालवत नाहीत. काही प्लगइन बनवणारी माणसंच आता त्या धंद्यात नाहीत. उघडलेल्या फाइलमध्ये सूर दिसत होते, कुठल्या मात्रेवर कुठली पट्टी ते दिसत होतं, पण ज्या वाद्याने ते वाजायचे त्या जागी राखाडी चौकट. नोटेशन आहे आणि घराणं नाही, तशी ती गत. ओरमच्या फिल्मची पट्टी आज उजेडात धरली तरी रेषा दिसते. इथे रेषाही यंत्राच्या मर्जीने दिसणार. मी जी गाणी तयार करून दिली त्यांत दोन ठिकाणी वाद्य माझं आहे. ते मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्याने कुठलं लावलं असतं ते तुम्हाला माहीत होतं ना?" बेसच्या बाबतीत माहीत होतं. दुसऱ्याच्या बाबतीत नव्हतं.

'इंटरनेटवर टाकलं की राहतं' हा समजही खरा नाही. २०१९ मध्ये मायस्पेसने मान्य केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी तिथे ठेवलेलं २००३ ते २०१५ या काळातलं संगीत नष्ट झालं. तेव्हाच्या बातम्यांत पाच कोटींहून अधिक गाण्यांचा आकडा होता. जगभरच्या खोल्यांत बनलेल्या संगीताचं ते सर्वांत मोठं कपाट होतं. काही अभ्यासकांनी २००८ ते २०१० दरम्यान आपल्या कामासाठी उतरवून ठेवलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी तेवढी इंटरनेट अर्काइव्हपर्यंत पोचली. म्हणजे शंभरातलं एकही नाही.

मग मी आता काय करते, तर गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत सुटा करून साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवते. कुठल्याही प्रोग्रॅममध्ये त्या फाइल्स एका रेषेत ठेवल्या की गाणं उभं राहतं. सोबत एक साधी मजकुराची फाइल: वेग, पट्टी, कोण काय वाजवतं, खोली कुठली. दोन प्रती, दोन घरांत. संस्थेचा कारकून जे काम करायचा ते आता रचनाकाराने करायचं. कंटाळवाणं आहे, पण दुसरं कोणी करणार नाही.

यातल्या नावाच्या प्रश्नाला मात्र आपल्याकडच्या एका पंथाने केव्हाच उत्तर शोधून ठेवलं आहे, आणि ते आमच्यासारख्या 'स्वतंत्र' म्हणवणाऱ्यांनी नाही. महाराष्ट्रात गणपतीला, हळदीला, वरातीला, भीमजयंतीला जी डीजे रिमिक्स गाणी वाजतात, ती तालुक्याच्या गावी, अशाच एखाद्या खोलीत, बहुधा एफएल स्टुडिओवर तयार होतात. मेमरी कार्डावरून, पेन ड्राइव्हवरून ती गावोगाव जातात. कोणी कंपनी नाही, कव्हर नाही, यादी नाही. त्यांच्या कर्कशपणावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि रात्री दहानंतरच्या भिंतींचा त्रास मलाही होतो. पण घरी बनणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा मराठी इतिहास लिहायचा तर सगळ्यात मोठं प्रकरण याच मंडळींचं होईल, हेही तितकंच खरं. लहान खोलीत बसून ट्रॉलीवरच्या स्पीकरांच्या भिंतीसाठी खर्ज बेतायचा, हे मिक्सिंग सोपं नाही.

त्यांची गाणी चालू असताना मध्येच एक घुमता आवाज बनवणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो. शहरातल्या श्रोत्यांना ते हास्यास्पद वाटतं. मला अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्रा आठवते. तीही कागदाशिवाय तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याचीच गरज होती. फरक एवढाच, की ही मंडळी नाव शेवटाला ठेवत नाहीत, कारण शेवट कोणीही कापू शकतो. ढोल थांबतात, सूर ओढला जातो, आता बीट पडणार म्हणून गर्दी हात वर करते, नेमक्या त्या जागी ते नाव पेरलेलं असतं. ते काढायला गेलं, तर गाणं तिथेच फाटतं.